बुडालं तर किती बुडेल?

मी मुळात हिशेबनीस. दुसऱ्यांच्या धंद्यांची खाती लिहिण्यात आयुष्य गेलं, स्वतःचा धंदा कधी केला नाही. त्यामुळे एका सामाजिक संस्थेने ‘बेरोजगार आणि अडचणीतल्या लोकांना व्यवसाय सुरू करायला मदत करतोय, मार्गदर्शक म्हणून या’ असं बोलावलं, तेव्हा मला वाटलं, वह्या कशा लिहायच्या ते शिकवायचं असेल. वह्यांपर्यंत पोचायलाच बराच काळ गेला.

आमच्या तुकडीत तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. कारखाना बंद पडल्यामुळे पन्नाशीत नोकरी गेलेले एक गृहस्थ. नवरा सोडून गेल्यावर मुलांना घेऊन भावाकडे राहणाऱ्या एक ताई. शिक्षा भोगून तुरुंगातून सुटलेला एक तरुण. व्हीलचेअरवरून घरबसल्या टायपिंगची कामं करणारी एक मुलगी. मानसिक आजाराचं लांबलेलं औषधपाणी संपवून पुन्हा उभ्या राहू पाहणाऱ्या एक बाई. आणखीही होते. अहवालात हे सगळे एकाच रकान्यात बसतात. समोर बसले की त्यांच्यात एकच गोष्ट सारखी दिसते: चुकायला कुणाकडेच जागा नसते.

संस्थेचा एक जाडजूड फॉर्म होता. त्यात बाजारपेठेचं विश्लेषण, स्पर्धक, बलस्थानं आणि शेवटी तीन वर्षांचं अपेक्षित नफातोटा पत्रक. पुढच्या महिन्याचं भाडं कुठून येणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तिसऱ्या वर्षीची उलाढाल विचारायची. लोकांनी फॉर्म भरले. भरणारच, कारण फॉर्म भरल्याशिवाय पुढे काही मिळत नाही हे अशा लोकांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. एकाच्या पत्रकात दुसऱ्या वर्षीचा नफा पहिल्याच्या बरोब्बर दुप्पट, तिसऱ्याचा दुसऱ्याच्या दुप्पट. शेजारी बसलेल्याच्या पत्रकातही तेच. असे आकडे हिशेबनिसाला लांबूनच ओळखू येतात.

प्रकल्प सांभाळणाऱ्या बाईंशी बोलून मी ते पत्रक तात्पुरतं बाजूला ठेवायला लावलं. त्याऐवजी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: हा धंदा चालला नाही तर किती बुडेल, आणि तेवढं बुडाल्यावर घर चालेल का?

हा प्रश्न नाउमेद करणारा आहे, अशी कुरकुर झाली. संस्थेतल्या एका उत्साही कार्यकर्त्याला तर तो अपशकुनच वाटला. पण साठवलेली गंगाजळी, नोकरदार जोडीदार, स्वतःचं घर असं काही पाठीशी असलेला माणूस धंद्यात बुडाला की त्याला ‘अनुभव’ मिळतो. ताईंसारख्या बाईचा धंदा बुडाला तर भावाच्या घरातली तिची जागा जाते. व्यवसायाची कल्पना तीच, मेहनत तीच, पण पडण्याची उंची वेगळी. ती उंची कमी करणं हेच मार्गदर्शकाचं खरं काम आहे, असं माझं मत होत गेलं.

म्हणून पहिल्या बैठका धंद्याबद्दल झाल्याच नाहीत. घरात किती माणसं, कमावणारं कोण, कुणाकडून किती उसनवारी, कोणता खर्च पुढे ढकलता येतो आणि कोणता नाही, औषधं नियमित लागतात का, हे सगळं कागदावर मांडायचं. काहींना हे सांगायला जड गेलं. कर्जाचा आकडा तर बहुतेकजण पहिल्यांदा कमीच सांगतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तो वाढतो, आणि तो वाढला की समजायचं, आता विश्वास बसला.

या मांडणीतून एक गोष्ट सगळ्यांच्या बाबतीत पुढे आली. धंदा सुरू झाल्यापासून त्यातून घरी नेण्यासारखा पैसा सुटेपर्यंत मध्ये एक कोरडा काळ असतो, आणि त्या काळात खायचं काय, याची तजवीज कुठल्याच फॉर्ममध्ये नसते. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात ‘एंटरप्राइझ अलाउन्स स्कीम’ होती. बेकार माणसाने स्वतःचा व्यवसाय सुरू केला तर त्याला वर्षभर आठवड्याला ४० पौंड मिळत. हे भांडवल नव्हे, घरखर्चाला आधार. क्रिएशन रेकॉर्ड्स ही संगीत कंपनी काढणारे ॲलन मॅगी यांच्यासारखी नावं या योजनेचं कौतुक करताना हमखास घेतली जातात. पण योजनेत शिरताना हाताशी १,००० पौंड असल्याचं दाखवावं लागे, म्हणजे ज्याची परिस्थिती सर्वांत वाईट तो दारातच अडणार. जर्मनीने २००३ ते २००६ या काळात बेकारांना एकट्याने व्यवसाय सुरू करण्यासाठी जी मदत दिली तिची रचना मला जास्त पटते: पहिल्या वर्षी महिन्याला ६०० युरो, दुसऱ्या वर्षी ३६०, तिसऱ्या वर्षी २४०. आधार एकदम काढून घ्यायचा नाही, टप्प्याटप्प्याने कमी करायचा.

आमच्याकडे असा भत्ता नव्हता. मग आम्ही साधा नियम केला. आत्ता जे काही काम हातात आहे, अर्धवेळ असो, तुटपुंजं असो, ते सोडायचं नाही. धंदा आधी त्याच्या शेजारी उभा राहू दे. ‘नोकरी सोडून झोकून द्या’ असं सांगणाऱ्या व्याख्यात्यांना आम्ही त्यानंतर बोलावलं नाही.

ताईंना दुकान काढायचं होतं. तीन शिलाई मशीन, हाताखाली दोघीजणी. भाऊ म्हणत होता, कर्ज मिळतंय तर मोठंच काढ. मी विचारलं, “सध्या कुणाचं शिवता?” शेजारपाजारचं. “पैसे घेता?” त्यावर, “देतात कधी कधी.”

दुकानाचा विषय मिटवला नाही, फक्त पुढे ढकलला. काही आठवडे घरातल्या जुन्या मशीनवरच काम करायचं, काही नवं विकत घ्यायचं नाही, पण प्रत्येक कामाचे रोख पैसे घ्यायचे आणि प्रत्येक काम वहीत लिहायचं, असं ठरलं. वही भरत गेली तसं एक चित्र दिसायला लागलं. ताईंना आवड होती नवे कपडे शिवायची. येत होती ती मात्र अल्टरची कामं: चेन बदलणं, कंबर सैल करणं, बाह्या लहान करणं, दप्तराचा पट्टा शिवून देणं. त्यांना ती कामं कमी दर्जाची वाटत. पण नव्या कपड्याला कापड लागतं, मापं चुकली तर भरपाई लागते, शिवाय तयार कपड्यांशी स्पर्धा. अल्टरला दोरा, चेन आणि वेळ. बुडण्यासारखं त्यात काही नाही.

अडचण दराची होती. एक दिवस मी घड्याळ घेऊन त्यांच्या शेजारी बसले. पँटची चेन बदलायची होती. आधी ब्लेडच्या टोकाने जुनी टीप उसवायची, तीही एकेक टाका, कारण घाईत कापड फाटतं. मग अडकलेले दोऱ्याचे तुकडे चिमटीने वेचायचे. नवी चेन लावून कच्चा टाका घालायचा, एकदा वरखाली ओढून पाहायची, आणि शेवटी मशीनवर टीप. मशीन चाललं जेमतेम थोडी मिनिटं. त्याआधीचं उसवणं आणि वेचणं त्याच्या कितीतरी पट. आणि ताई पैसे सांगत होत्या चेनच्या किमतीवर थोडेसे चढवून, टीप मारण्यापुरते. मशीन फिरतं तेवढंच काम, असं त्यांच्या मनात पक्कं होतं.

“मॅडम, उसवायचे पैसे मागायची लाज वाटते हो.”

मी म्हटलं, “ताई, उसवता येत नाही म्हणूनच तर लोक तुमच्याकडे येतात.” दर बदलला. काहींनी नाक मुरडलं, एक-दोन गिऱ्हाइकं तुटली, बाकीची राहिली. तीन मशीनच्या दुकानात हाच जुना दर घेऊन त्या बसल्या असत्या तर जितकं काम जास्त तितका तोटा जास्त झाला असता, आणि तो कर्जाच्या हप्त्यांमागे बरेच दिवस दिसलाही नसता.

वह्यांचं शिकवणं आलं ते इथे. मी जमाखर्चाचे रकाने, शिल्लक, येणं-देणं सगळं तयार करून नेलं होतं, पण वापरलं फार थोडं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये लघुकर्ज घेणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, दुसऱ्याला फक्त सोपे ठोकताळे. ठोकताळेवाल्यांच्या हिशेबाच्या सवयी सुधारल्या, शास्त्रवाल्यांमध्ये फारसा फरक पडला नाही. त्यातला मुख्य ठोकताळा असा, की घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा दोन वेगळ्या खणांत ठेवायचा. हिशेबनीस म्हणून मला हे जरा लागलंच, पण खरं आहे ते खरं. ताईंनी दोन पर्स केल्या. धंद्याच्या पर्समधून घरासाठी पैसे काढले तर तिथे चिठ्ठी टाकायची. महिनाअखेर चिठ्ठ्यांची बेरीज म्हणजे ताईंचा पगार. तो आकडा बघून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “म्हणजे मी कमावते.”

पण पर्स दोन केल्या तरी घर एकच असतं. भावाला स्वतःच्या कामासाठी पैसे हवे होते आणि बहिणीच्या पर्सवर आपला हक्क आहे असं त्याला मनापासून वाटत होतं. हे फक्त आमच्याकडे घडतं असं नाही. श्रीलंकेत छोट्या व्यावसायिकांना भांडवल देऊन त्यांचा नफा मोजणारा अभ्यास २००८ मध्ये आला. पुरुषांचा नफा चांगला वाढला, बायकांचा सरासरी वाढलाच नाही. त्यावरून काहींनी बायकांना धंदा जमत नाही असा निष्कर्ष काढला. २०१९ मध्ये तीच माहिती पुन्हा तपासली गेली, तेव्हा दिसलं, की घरात आणखी कुणाचा व्यवसाय असेल तिथे बाईला दिलेला पैसा तिकडे वळत होता. घरातला एकमेव व्यवसाय बाईचा होता तिथे तिचं भांडवल पुरुषांइतकंच फळत होतं.

आम्ही यावर तोडगा काढला तो असा: नवीन मशीन घेतलं तेव्हा पहिलं वर्षभर त्याची मालकी संस्थेकडे ठेवली. कागदावर स्पष्ट लिहिलं, विकायचं नाही, गहाण ठेवायचं नाही. ताईंवर अविश्वास म्हणून नव्हे. त्यांना घरात सांगायला वाक्य हवं होतं: “मशीन माझं नाहीच, संस्थेचं आहे.” भावाशी भांडण्यापेक्षा संस्थेला वाईट ठरवणं सोपं. आम्ही आनंदाने वाईट झालो.

तुरुंगातून सुटलेल्या तरुणाची गाडी वेगळ्याच ठिकाणी अडली होती. हातात कला होती. आत असताना विजेच्या उपकरणांचं काम शिकला होता, मल्टिमीटर धरण्याची त्याची पद्धतच सांगत होती की हा माणूस तयार आहे. पण राहत होता दुसऱ्याच्या खोलीत, करारनामा नाही, म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही. पत्ता नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून कर्ज नाही. संस्थेने पत्र दिलं. एका बँकेत ते बाजूला सारलं गेलं, दुसऱ्या बँकेत चाललं. नियम दोन्हीकडे तोच असणार. फरक काउंटरवरच्या माणसाचा. या कामात किती वेळ नुसता अशा खिडक्यांपुढे उभं राहण्यात जातो, हे प्रकल्पाच्या प्रस्तावात कुणी लिहीत नाही. माझ्या अंदाजाने मदतीचा निम्मा भाग तोच असतो. एकट्या गेलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणतात, सोबत कुणी असलं की फाइल उघडतात.

खातं उघडल्यावर खरा प्रश्न आला. रिपेअरिंगवाल्याला लोकांच्या घरात शिरावं लागतं. एखाद्या घरात काही सापडेनासं झालं तर पहिलं नाव कुणाचं येईल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो स्वतःच म्हणाला, “घरी जाऊन काम नाही करणार मॅडम. एक दिवस कुणीतरी म्हणेलच.” मग उलटं केलं: वस्तू त्याच्याकडे येऊ देत. हार्डवेअरच्या एका दुकानात कोपऱ्यात टेबल टाकायची परवानगी मिळाली, भाडं नाही, कमाईतला ठरलेला हिस्सा. धंदा नसेल त्या महिन्यात देणंही नाही. मालकाला त्याने स्वतःहून सगळं खरं सांगितलं. सांगावं की नाही हा निर्णय आम्ही त्याच्यावर सोडला होता. मालक विचार करून ‘चालेल’ म्हणाला.

त्याची एक पद्धत तर मी पुढे सगळ्यांना सांगत आले. वस्तू आली की तो चिठ्ठी करतो: वस्तू कोणती, तक्रार काय, अंदाजे खर्च किती. गिऱ्हाइकाची सही घेतो. दुरुस्ती झाली की बदललेला जुना भाग छोट्या पिशवीत घालून परत देतो, जळकी कॉइल असो, झिजलेला कार्बन ब्रश असो, तुटकी वायर असो. गिऱ्हाईक ती पिशवी बहुधा बाहेर पडल्यावर टाकूनच देत असेल. पण काय बदललं हे हातात घेऊन पाहिलेलं असतं. हे त्याला आम्ही शिकवलं नव्हतं. ज्याच्याकडे विश्वास आयता येत नाही, त्याने तो कसा मिळवायचा याचा विचार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त केलेला असतो.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. टायपिंगवाल्या मुलीला प्रशिक्षण नको होतं, कर्जही नको होतं. तिचा एकच ग्राहक होता आणि तो म्हणेल तो दर. एकच ग्राहक असलेला व्यवसाय म्हणजे रजा नसलेली नोकरी. तिला दुसरा आणि तिसरा ग्राहक मिळवून देणं एवढंच आमचं काम होतं, ते झालं आणि ती आमच्यातून मोकळी झाली. आजारातून उठलेल्या बाईंना रोपवाटिका काढायची होती. रोपं थांबत नाहीत, आणि बाईंना मधूनच अंथरूण धरावं लागणार हे त्या आम्हाला पहिल्याच दिवशी सांगत होत्या. म्हणून पाण्याचा ताण सोसणारी, फांदीवरून होणारी रोपं तेवढीच ठेवली आणि आजारपणात पाणी कोण घालेल, त्याला त्याचे किती पैसे, हे शेजारणीशी आधीच लिहून ठेवलं. बऱ्या असतानाच आजारपणाची सोय लावायची. यात त्यांना काही अवघड वाटलं नाही. अवघडलो ते आम्हीच.

पैशाकडे इतक्या उशिरा वळतेय, कारण प्रत्यक्षातही आम्ही तो शेवटीच काढला. यावर संस्थेत बरीच वादावादी झाली. लघुकर्जाचं नाव निघालं की मुहम्मद युनूस यांची गोष्ट सांगितली जाते: १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले, त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. गोष्ट खरी आहे. पण सांगताना एक भाग निसटतो. त्या लोकांचा धंदा आधीच चालू होता. बांबूचे मोडे, म्हणजे बसायची स्टुलं, विणणारी बाई आधीपासून विणत होती, तिची कमाई सावकार आणि व्यापारी खात होते. पैशाने त्यांची पकड सोडवली, तिला मोडे विणायला शिकवलं नाही. ज्याचा धंदाच अजून ठरलेला नाही त्याच्या हातात कर्ज देणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले लघुकर्जाचे सहा अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. सूर साधारण एकच: काहींचा धंदा वाढला, पण सरासरी कुटुंबाचं उत्पन्न लक्षात येण्याइतकं वाढलं नाही.

आमचा मुख्य वाद हप्त्यांवर होता. निधी देणाऱ्यांना वसुली पहिल्या महिन्यापासून हवी होती, ‘शिस्त लागते’ म्हणून. कोलकात्यात झालेल्या एका अभ्यासात (तो २०१३ मध्ये छापून आला) काही कर्जदारांना पहिला हप्ता दोन आठवड्यांनी, काहींना दोन महिन्यांनी ठेवला होता. ज्यांना दोन महिने मिळाले त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे काही वर्षांनी त्यांचा नफाही जास्त निघाला. मात्र त्यांच्यात कर्ज थकवणारेही जास्त होते. निधीवाल्यांनी अर्थातच हे शेवटचं वाक्य पकडलं. माझं म्हणणं होतं, की पंधरा दिवसांत हप्ता भरायचा असेल तर माणूस पंधरा दिवसांत फिरेल असाच माल घेतो, मशीन घेत नाही, हत्यारं घेत नाही. पहिल्या हप्त्याची रक्कम तर तो मिळालेल्या कर्जातूनच बाजूला काढून ठेवतो! शेवटी तडजोड झाली. हत्यारं आणि यंत्रं अनुदानातून, वस्तूच्या रूपात. कर्ज फक्त खेळत्या भांडवलापुरतं, छोटं, आणि हप्ता थोडा उशिरा. मला हवं होतं तितका उशिरा नाही.

वस्तूच्या रूपात मदत देतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये अतिगरिबांसाठी एक कार्यक्रम सुरू केला: उत्पन्न देणारी एखादी वस्तू किंवा जनावर, काही काळ घरखर्चाला मदत, प्रशिक्षण, बचत, आरोग्याची मदत आणि घरी येणारा कार्यकर्ता. हेच पुढे सहा देशांत करून पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. मदत थांबल्यावर वर्षाने बघितलं तरी बहुतेक ठिकाणी कुटुंबांची स्थिती सुधारलेलीच होती. होंडुरासमध्ये फसलं. तिथे बऱ्याच जणांनी कोंबड्या घेतल्या होत्या, त्या रोगाने मेल्या आणि मदत तिथेच संपली. आमच्याकडे एकदा बऱ्याच जणींनी एकाच प्रकारचं काम मागितलं, कारण पहिलीचं बरं चाललं होतं. तेव्हा मी होंडुरासच्या कोंबड्यांची गोष्ट सांगितली. हसल्या, पण निम्म्या जणींनी अर्ज बदलले.

प्रशिक्षणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. व्याख्यानांना लोक प्रवासखर्च मिळतो म्हणून येतात आणि त्यात काही गैर नाही. टोगोची राजधानी लोमे इथे १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या व्यवसाय-प्रशिक्षणाने नफ्यात ठामपणे सांगावी अशी वाढ दिसली नाही. पुढाकार कसा घ्यायचा, अडथळा आला तर दुसरी वाट कशी काढायची, दुसऱ्यांपेक्षा वेगळं काय करायचं याचा सराव दिलेल्यांचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. ते वाचल्यापासून आम्ही वर्गात बोलणं कमी केलं. सगळ्यांनी आपापली आत्ताची अडचण मांडायची आणि बाकीच्यांनी वाटा सुचवायच्या. कागदोपत्री त्यालाही ‘सत्र’च म्हणावं लागतं.

खरी गरज लागते ती सुरू झाल्यावर. उद्घाटनाला सगळे येतात, मंदीच्या आठवड्यात कुणी येत नाही. पहिल्यांदा उधारी बुडते, पहिल्यांदा गिऱ्हाईक सगळ्यांसमोर आवाज चढवतं, पहिल्यांदा आठवडाभर कुणी फिरकत नाही, तेव्हा नोकरीत असतो तसा शेजारच्या टेबलावर कुणी नसतो. त्या दिवसांत माझे फोन साधारण असेच असत: “काय म्हणताय? वही लिहिली का?” वहीचं निमित्त. ब्रॅकच्या कार्यक्रमात दोन वर्षं कोणीतरी घरी येत राहतं, ते उगीच नाही. आमचा निधी मात्र व्यवसाय ‘सुरू झाल्याची नोंद’ होईपर्यंतच होता. एकदा नोंद झाली की आकडा जमा, फाइल बंद. पुढची सगळी पदरमोड. निधी देणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की नोंदी मोजायच्या तर वर्षानंतर मोजा, आणि कुणाच्या डोक्यावर नवं कर्ज किती चढलं तेही मोजा.

कारखान्यातून बाहेर पडलेल्या गृहस्थांचं सांगायचं राहिलं. हातात नुकसानभरपाईची रक्कम होती आणि यंत्रांच्या सुट्या भागांचा व्यापार करायचा विचार होता. माहिती दांडगी. मी त्यांना माल घेण्याआधी संभाव्य गिऱ्हाइकांकडे पाठवलं, फक्त दोन गोष्टी विचारायला: महिन्याला किती घ्याल आणि पैसे किती दिवसांनी द्याल. गिऱ्हाइकं भरपूर होती, पण सगळ्यांना तीन-तीन महिन्यांची उधारी हवी होती. त्यांनी स्वतःच बसून आकडेमोड केली. पहिली वसुली हातात येण्याआधी सगळी भरपाई उधारीत अडकणार होती, वर पुरवठादार रोख मागत होते. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि पुढे एका लहान कारखान्यात सुपरवायझरची नोकरी धरली. पगार आधीपेक्षा कमी, पण भरपाईची रक्कम शाबूत.

प्रकल्पाच्या अहवालात ते ‘गळती’ या सदरात गेले. मी ते बदलून घ्यायचा बराच प्रयत्न केला. ज्या माणसाची आयुष्यभराची पुंजी आपल्या मदतीमुळे वाचली त्याला गळती कशी म्हणायची? रकाना बदलला नाही, खाली तळटीप घालायची परवानगी मिळाली. काहींनी व्यवसाय सुरू करून बंदही केले. त्यांपैकी ज्यांचं फारसं देणं राहिलं नाही ते मला आजही फोन करतात. ज्यांचं राहिलं ते करत नाहीत.

ताईंनी दुकान अजून काढलेलं नाही. मशीन आता त्यांच्या नावावर आहे आणि उसवण्याचे पैसे त्या न लाजता सांगतात. रिपेअरिंगवाल्याकडे मात्र कामं वाढली, तेव्हा हाताखाली मुलगा ठेवायचा विचार घेऊन तो आला. तोही नुकताच सुटलेला. मी वही मागितली, कमाई मांडली, त्यातून दुसरा पगार वजा करून दाखवला. कसाबसा निघत होता, आणि एक मंदीचा महिना आला तर दोघंही अडचणीत. मी म्हटलं, “अजून थोडं थांब. शिल्लक जरा वाढू दे.” त्याने आकडे नीट बघितले, एक-दोन शंका विचारल्या, त्याही बरोबर विचारल्या. “तुमचं गणित बरोबर आहे मॅडम,” म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात त्या मुलाला कामावर घेतलं. मालकाकडून टेबलाशेजारची आणखी थोडी जागा मागून घेतली, हिस्सा थोडा वाढवून दिला. सध्या दोघांचं भागतंय, जेमतेम. वही तोच लिहितो, चिठ्ठ्या नवा मुलगा करतो.